राणीच्या नावाची हिरवळ

कोणे एके काळी, पाऊस जिथे पाहुण्यासारखा यायचा आणि पाहुण्यासारखाच घाईने निघून जायचा, अशा एका उंच पठारावर एक राज्य होतं. लहानथोरांनो, ही गोष्ट ऐकताना तुम्हांला राग येईल. येऊ द्या. मलाही सांगताना येतो.

त्या राज्याची जमीन मुरमाड होती. कुदळ मारली की ठिणगी उडायची. पण जुन्या माणसांनी कष्टाने एक तलाव बांधून ठेवला होता. तलावाच्या बांधाला लाकडाचं एक जड दार होतं. ते उचललं की पाणी पाटात उतरायचं आणि पाटाने खाली खाली जात एकेका गावाला मिळायचं. पाटाच्या अगदी शेवटाला खालची वाडी होती. शेवटाला असल्यामुळे तिला पाणी उशिरा मिळायचं, थोडं मिळायचं, पण मिळायचं. त्यावर तिथली माणसं, गुरं आणि भाजीचे चार वाफे जगायचे.

राजा तरुण होता. मनाने वाईट नव्हता, पण त्याला 'नाही' म्हणणारं माणूस आजवर भेटलेलं नव्हतं. त्याने लग्न केलं ते दूरच्या नदीकाठच्या मुलखातल्या राजकन्येशी. तिचं माहेर असं, की घाटाच्या पायऱ्या उतरल्या की पायाला पाणी लागायचं.

एकदा ती सज्ज्यात उभी होती. समोर टेकडीचा तांबडा, रखरखीत उतार होता. ती सहज म्हणाली, "आमच्याकडे या दिवसांत सगळं हिरवंगार असतं."

एवढंच. त्यात तक्रार नव्हती, मागणी नव्हती. माहेरची आठवण आलेली कोणतीही मुलगी जे बोलेल तेच ती बोलली.

पण राजाने ते मनावर घेतलं. त्याने प्रधानाला बोलावलं आणि सांगितलं, "राणीच्या सज्ज्यासमोर हिरवळ हवी. तिच्या माहेरी असते तशीच. पाय ठेवला की रुतला पाहिजे."

मग काय विचारता! नदीकाठच्या मुलखातून ओल्या गोणपाटात गुंडाळलेले गवताचे थर गाड्या भरभरून आले. मुरमावर काळी माती पसरली. तीवर गवत अंथरलं. त्या लाडावलेल्या गवताला सकाळी पाणी लागायचं, संध्याकाळी पाणी लागायचं, आणि ऊन तापलं की दुपारीही लागायचं. तलावावर मोटा लागल्या. बैल दिवसभर पाणी ओढायचे आणि माणसं ते टेकडीवर चढवायची.

राजवाड्यासमोर हिरवा गालिचा पसरला. दरबारी येता-जाता माना डोलवू लागले. राणीलाही आनंद झाला. खोटं कशाला सांगू? ती रोज सकाळी त्यावर अनवाणी चालायची, आणि हे पाणी कुठून येतं असं तिच्या मनात एकदाही आलं नाही.

उन्हाळा सुरू झाला. तलाव खाली खाली जाऊ लागला. प्रधान राजाकडे आला.

"महाराज, तलावात आता दोन्हींपुरतं पाणी नाही. एक तर हिरवळ जगेल, नाहीतर पाट वाहील."

राजा तेव्हा शिकारीला निघाला होता. घोड्यावर चढता चढता तो म्हणाला, "राणीचं मन मोडायचं नाही. बाकी तुम्ही बघा."

'तुम्ही बघा'! किती सोपे शब्द! बोलणारा बोलून मोकळा होतो, आणि ज्यांचं काय व्हायचं ते होतं.

प्रधानाने बघितलं. त्याने पाटाचं दार बंद करायचं ठरवलं. पण राजाच्या नावाने बंद केलं तर लोक राजावर चिडतील, आणि प्रधानाच्या नावाने केलं तर प्रधानावर. राणी परक्या मुलखातली होती. तिला अजून कुणी नीट ओळखतही नव्हतं. म्हणून गावोगाव दवंडी पिटली गेली:

"ऐका हो ऐका! राणीसाहेबांच्या आज्ञेवरून पाटाचं दार पाऊस येईपर्यंत बंद राहील!"

आणि ज्या राणीच्या आज्ञेवरून हे घडलं, तिला त्याचा पत्ताही नव्हता.

चैत्र आला. राणीने पहिलंच हळदीकुंकू मांडलं आणि गावोगावच्या बायकांना बोलावणं धाडलं. हिरवळीवर चौरंग ठेवून गौर सजवली. मोठमोठ्या घंगाळांत पन्हं भरलं. त्या सकाळी गवताला जरा जास्तच पाणी घातलं होतं, म्हणजे बायकांच्या पायांना गारवा लागेल.

बायका आल्या. हळद लागली, कुंकू लागलं, कैरीची डाळ वाटली गेली. पण हसणंबोलणं काही रंगेना. बायका गवताकडे बघत होत्या आणि गप्प बसत होत्या.

तेवढ्यात कडेला आरडाओरडा झाला. दोन पहारेकऱ्यांनी एका उतारवयाच्या बाईला दंडाला धरून ओढत आणलं. तिचं लुगडं जागोजागी ठिगळलेलं होतं. हातात एक लहान तांब्या होता, आणि तिच्या पदरातून पाणी ठिबकत होतं.

"राणीसाहेब, ही चोर आहे," पहारेकरी म्हणाला. "पदर गवतात दाबून भिजवत होती आणि तांब्यात पिळत होती. हिरवळीचं पाणी चोरत होती."

राणीने तांब्यात डोकावून पाहिलं. तळाशी घोटभर गढूळ पाणी होतं.

"सोडा त्यांना," राणी म्हणाली. "बाई, तहान लागली होती तर मागायचं. इथे पन्हं आहे, पाणी आहे. हे मातीचं पाणी कशाला?"

त्या बाईचं नाव तुळसा. खालच्या वाडीची. तिने दंड चोळला आणि राणीच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "मला न्हाई लागली तहान. घरी सून बाळंतीण हाय. अंगावरचं दूध आटलंय तिचं. पन्हं मागून नेलं असतं, पन तुमच्या हातचं मागायची लाज वाटली. हे पानी आमचंच हाय, म्हनून घेतलं. चोर म्हनताय? चोर कोन ते आधी ठरवा."



"तुमचं कसं?" राणीने विचारलं.

"कसं म्हंजे? पाटाचं दार बंद करायची आज्ञा कुनाची? तुमचीच ना? तुमच्या नावानं दवंडी पिटली गावात. आमच्या तोंडचं पानी काढलं आनि गवताच्या तोंडात घातलं. आनि वर आमालाच बोलवून त्या गवतावर बसवलंत, हळद लावलीत!"

राणीच्या हातातली कुंकवाची कोयरी खाली पडली. "मी? मी अशी कसलीच आज्ञा दिली नाही."

"मग गवत कुनाचं?" तुळसा म्हणाली. "ते तर तुमचंच ना?"

"चला, मला तुमची वाडी दाखवा," राणी म्हणाली.

तिने पालखी मागवली नाही. ती तशीच, हळदीकुंकवाच्या भरजरी साडीत, तुळसाबरोबर टेकडी उतरली. तुळसा पुढे झपझप चालत होती. तिने एकदाही वळून पाहिलं नाही, की राणीसाठी पाऊल आखडतं घेतलं नाही.

पाटाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. बायका त्यात खड्डे खणून वाटीवाटीने पाणी उपसत होत्या. वाडीतल्या कितीतरी घरांच्या दारांवर बाभळीची काटेरी फांदी आडवी लावलेली होती. माणसं गाव सोडून गेली की असं करतात, म्हणजे घरात जनावर शिरत नाही.

तुळसाच्या घरात सून भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर तान्ही मुलगी होती. ती रडत नव्हती, नुसती ओठ हलवत होती. दाराशी गाठोडी बांधून ठेवलेली होती.

"माझा ल्योक गाडी जुंपतोय," तुळसा म्हणाली. "हिच्या माहेरी निघालीत तिघं. तिकडं विहीर हाय म्हनं."

"आणि तुम्ही?"

"म्या कुटं जाऊ? म्या हितंच."

राणीने बाळाच्या कपाळाला लावायला हात पुढे केला. सुनेने बाळ पदराखाली घेतलं. राणीने हात मागे घेतला. कुणी तिला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाहेर आल्यावर तिला अंगणाच्या कडेला काहीतरी हिरवं दिसलं. लालसर देठांची, जाड पानांची घोळ जमिनीला चिकटून पसरली होती. पलीकडे माळावर, दगडांच्या फटीतून विष्णुक्रांता आडवी पसरली होती. तिला दोन-चार इवलीशी निळी फुलंही होती. जिथे माणूस तगत नव्हता तिथे ती फुलली होती!

"याला पाणी कोण घालतं?" राणीने विचारलं.

तुळसाला त्या प्रश्नाचाच राग आला. "कोन घालनार? हितं पोरीला घालायला न्हाई! ती आपली आपन जगतीया. घोळीची भाजी खाऊनच दिस काढलेत आमी."

राणी परत निघाली. टेकडी चढताना तिचं डोकं संतापाने भणभणत होतं. प्रधानाचा राग, राजाचा राग, आणि त्या सगळ्यांहून जास्त स्वतःचा. इतके दिवस ती त्या गवतावर चालत होती. एकदा तरी विचारायला नको होतं?

राजा दरबारात होता. राणी थेट आत शिरली.

"महाराज, पाटाचं दार उघडा."

राजा हसला. "अगं, पण मग तुझी हिरवळ जळेल. ती तुझ्यासाठी केली आहे."

"मला नको."

"माझ्या प्रेमाची ही किंमत केलीस?" राजाचा चेहरा उतरला.

"तुमचं प्रेम मला हवं होतं," राणी म्हणाली. "त्यांचं पाणी नको होतं. तुमच्या घरातलं काही दिलं असतंत, तर मी डोक्यावर घेतलं असतं. पण तुम्ही एका तान्ह्या मुलीच्या आईचं दूध आटवलंत आणि त्यावर माझं नाव घातलंत. आज खालच्या वाडीत माझं नाव घेऊन माणसं बोटं मोडतात!"

राजाने प्रधानाकडे पाहिलं. प्रधान शांतपणे म्हणाला, "राणीसाहेब, आपण अजून लहान आहात. राजवाड्यासमोर ओसाड माळ दिसला तर शेजारचे राजे काय म्हणतील? राज्याची शोभा म्हणून काही असते. आणि लोकांचं काय, ते दर उन्हाळ्यात रडतातच."

"ऐकलंत?" राणी राजाला म्हणाली. "हे ऐकून तुम्हांला काहीच वाटत नाही?"

राजाला वाटलं असेलही. पण भरल्या दरबारात बायकोचं ऐकलं असं दिसायला नको, म्हणून तो म्हणाला, "पाऊस येईपर्यंत दार बंद राहील. विषय संपला."

राणी बाहेर पडली आणि तलावाच्या बांधावर गेली. बरीच माणसं कुतूहलाने तिच्या मागून गेली. दाराशी भालेकरी उभे होते.

"दार उघडा," राणी म्हणाली.

त्यांचा नाईक हात जोडून म्हणाला, "माफी असावी. दार बंद ठेवायची आज्ञा आहे."

"कुणाची आज्ञा?"

नाईक गोंधळला. "राणीसाहेबांची."

"राणी कोण?"

"आपणच."

"मग मीच सांगते. माझी आज्ञा मी मागे घेतली. उघडा दार."

नाईकाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. प्रधान धापा टाकत बांधावर पोचला होता. त्याचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. काय बोलणार? आज्ञा राणीची नव्हती असं म्हणावं, तर ती कुणाची होती हे सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं. आणि राणीचीच होती म्हणावं, तर ती मोडण्याचा अधिकार राणीलाच होता. स्वतःचं तोंड लपवायला त्याने जे नाव पुढे केलं होतं, तेच नाव आता त्याच्यासमोर कमरेला पदर खोचून उभं होतं.

नाईकाने भाला खाली ठेवला. चार जणांनी मिळून दार उचललं. पाणी पाटात उतरलं.

राणी तिथून हलली नाही. तिने मोटांचे बैल सोडवून घेतले, दोर काढायला लावले, आणि पाण्याचं टोक पाटाच्या वळणापलीकडे दिसेनासं होईपर्यंत ती उभी राहिली.

हिरवळ लवकरच पिवळी पडली. मग करडी झाली. मग वारा तिच्यातून धूळ उडवू लागला. राजा राणीशी बोलेना. दरबारी हळहळले. जी माणसं वाडीतल्या बंद दारांबद्दल कधी चकार शब्द बोलली नव्हती, ती गवतासाठी डोळे पुसू लागली!

अशात शेजारचा राजा भेटीला येणार असा निरोप आला. प्रधान धावत राजाकडे गेला.

"महाराज, काळजी नको. मी युक्ती काढली आहे. रंगाऱ्यांना बोलावतो. वाळलेल्या गवताला हिरवा रंग फासू. लांबून कुणाला कळणार नाही. रंग कालवायला थोडं पाणी लागेल, तेवढं पाटातून वळवू."

राजा त्याच्याकडे बघतच राहिला. मेलेल्या गवताला रंग फासायचा, आणि त्यासाठी पुन्हा जिवंत माणसांचं पाणी घ्यायचं! आपण याच माणसाला 'तुम्ही बघा' म्हणालो होतो, हे राजाच्या तेव्हा लक्षात आलं.

त्याच दिवशी तो एकटा पाटाच्या कडेने चालत खालच्या वाडीपर्यंत गेला. तिथे पाण्यावर गर्दी होती. कुणी हंडे भरत होतं, कुणी गुरांना पाजत होतं. राजाला पाहून कुणी वाकलं नाही, कुणी वाट दिली नाही. एका म्हाताऱ्याने फक्त "जरा बाजूला व्हा, घागर लागंल" असं म्हटलं. राजा बाजूला झाला. मग तो त्या बंद दारांच्या गल्लीतून हिंडला. परत आला तेव्हा त्याने प्रधानाची पगडी उतरवून घेतली आणि त्याला पाटावर पहारा करायला लावलं. पाणी शेवटच्या घरापर्यंत पोचलं की नाही ते रोज स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि राजाला येऊन सांगायचं, हे त्याचं काम. 'तुम्ही बघा' म्हणजे काय ते त्याला आता कळणार होतं.

मग राजा राणीकडे गेला. "चुकलो," एवढंच म्हणाला.

"मला नका सांगू," राणी म्हणाली. "ज्यांना सांगायचं त्यांना सांगा."

आणि राजाने ते सांगितलं. गावोगाव दवंडी पिटली, आणि या वेळी स्वतःच्या नावाने. दार बंद करायची आज्ञा राणीची नव्हती, चूक राजाची होती. आणि यापुढे पाटाच्या शेवटच्या घरातली घागर भरल्याशिवाय कुठल्याही बागेला थेंबही मिळणार नाही.

पावसाचे दिवस आले तेव्हा राणी माळावर गेली. बरोबर माळी आणि टोपल्या होत्या. राजवाड्यासमोर तिला विष्णुक्रांता, घोळ आणि घेटुळी लावायची होती. तिथल्याच मातीतल्या वेली होत्या त्या. एकदा मूळ धरलं की कुणाचं पाणी मागत नाहीत, आणि उघडी माती झाकून ठेवतात. माळी विष्णुक्रांतेचा मोठा पसारा मुळासकट उपटू लागले, तोच तुळसा आडवी आली.

"थांबा! आधी पानी नेलं, आता आमचा माळबी न्यायचाय व्हय?"

राणीला शरम वाटली. तिने माळ्यांना थांबवलं. "तुम्ही सांगाल तेवढंच नेईन."

"बी न्या. घोळीच्या फांद्या खुडून न्या. मुळं हितंच ऱ्हाऊ द्या."

राणीने तसंच केलं. दुसऱ्या उन्हाळ्यात राजवाड्यासमोरची जमीन गालिच्यासारखी दिसत नव्हती. कुठे दाट होती, कुठे विरळ. मध्ये दगड दिसत होते. पण सकाळी तिथे निळी फुलं उघडायची आणि मधमाश्या यायच्या. स्वयंपाकघरात घोळीची भाजी शिजायची. या हिरवळीसाठी ना बैल राबले, ना कुणाची घागर रिकामी राहिली. लांबणीवर पडलेल्या भेटीला शेजारचा राजा अखेर आला, त्याने ती पाहिली, नाक मुरडलं आणि गेला. कुणाचं काही अडलं नाही.

खालच्या वाडीतल्या काही दारांवरचे काटे निघाले. सगळ्या दारांवरचे नाही निघाले. राणीने तुळसाच्या मुला-सुनेला आणायला गाडी धाडली होती. ती रिकामी परत आली. नातीने बाळसं धरलं होतं, मुलाला तिकडे काम मिळालं होतं, आणि ज्या राज्यात गवताला पाणी मिळतं आणि बाळंतिणीला मिळत नाही, तिथे पुन्हा पाय ठेवणार नाही असं सुनेने निक्षून सांगितलं होतं.

हे सांगायला राणी स्वतः तुळसाच्या अंगणात गेली. तुळसाने ऐकून घेतलं. 

"मी दार उघडलं होतं," राणी म्हणाली. 

"उघडलंत, बरं केलंत," तुळसा म्हणाली. "पन बंद व्हतं तवा जी मानसं गेली, ती काय पाटातनं वाहून परत येत न्हाईत."

आणि तिने घागर उचलली आणि पाण्याला गेली.

बोध: दुसऱ्याचं पिण्याचं पाणी तोडून वाढवलेली हिरवळ ही शोभा नव्हे, चोरी आहे, आणि ती आपल्या नावाने चालली असेल तर वेळेवर विचारून थांबवणं हे आपलंच काम आहे.